नुसता टीबी

पाथरवटांच्या त्या घराण्यात आजवर कुणी आजारी पडलेलं नव्हतं. गावात कुणालाही विचारा. पणजोबा पडला नाही, आजोबा पडला नाही, बापही पडला नाही. मेले मात्र तिघंही, तेही पन्नाशीच्या अलीकडेच, खोकत खोकत, हातात टाकी-हातोडी असताना. पण घराण्याच्या समजुतीत मरण वेगळं आणि आजारपण वेगळं. मरण काय, सगळ्यांनाच येतं. आजारी पडायला माणूस मुळात कच्चा लागतो.

खोकल्याला तिथे खोकला म्हणतच नसत. थोरल्या मुलाची बायको सून होऊन घरात आली त्या पहिल्याच दिवशी सासऱ्याला ढास लागली. ती तांब्या घेऊन धावली, तर सासूने तिला मनगटाला धरून थांबवलं. "राहू दे. दगड बोलतोय. बोलून झालं की थांबेल."

सासऱ्याचं बोलणं त्याच वर्षी थांबलं.

आता तिच्या नवऱ्याचा दगड बोलायला लागला होता, आणि वेळ अशी की त्याला बोलायला अजिबात सवड नव्हती. गावच्या दूध संस्थेला गुरांच्या पाण्यासाठी डोणी हवी होती, चांगली दहा म्हशी एका वेळी तोंड घालतील एवढी. काम कुणाला द्यायचं यावरून दोघा भावांची संस्थेच्या दारातच जुंपली. धाकट्याने टाकी कधीच खाली ठेवली होती आणि सिमेंटचे ठोकळे पाडायचा धंदा काढला होता. घराण्यात हे आजारपणाच्याही खालचं समजलं गेलं.

"चेअरमनसाहेब, चार दिवसांत ओतून देतो," धाकटा म्हणाला.

"ओततात ते दूध," थोरला म्हणाला. "डोणी कोरतात. एका दगडात."

"कधी कोरणार, दादा? पाऊस तोंडावर आलाय."

"तुझं तोंड आवर, पावसाचं मी बघतो."

चेअरमनने दोघांचंही मन राखलं. पावसाआधी एकसंध दगडाची डोणी खाणीबाहेर आली तर थोरल्याची, नाहीतर धाकट्याने साचा लावावा. पाऊस एकदा पडला की खाण पाण्याने भरायची, आणि मग तिच्यातून बेडकांशिवाय काही बाहेर येत नसे.

नवरा-बायको पहाटेच खाणीत उतरू लागले. त्याने आठवडाभर नुसते दगड वाजवून पाहिले, हातोडीची टिचकी आणि मग कान. शेवटी एका धोंड्यावर तळवा ठेवून तो म्हणाला, "हा." त्या दगडाची शीर त्याने बोटाने दाखवली, केसाएवढी. तिच्यावर ओळीने भोकं पाडली, पाचरी बसवल्या आणि घण घातला. दगड उकलला.

"दगडाला शीर एकच असते," तो म्हणाला. "ती सापडली की दगड आपला." हे वाक्य त्याच्या बापाचं. बापाला ते आजोबाकडून मिळालं होतं. घराण्याची स्थावर मालमत्ता म्हणावी ती एवढीच.

त्यानंतर कोरणं. तो टाकी लावायचा, ती भाता ओढून बोथट टाक्या तापवायची, ठोकून धार काढायची, आणि मधल्या वेळात कपच्या घमेल्यात भरून वर नेऊन टाकायची. पांढरी भुकटी दोघांच्या भुवयांवर बसायची, पापण्यांवर बसायची, भाकरीबरोबर दातांत करकरायची. संध्याकाळी घरी परतताना दोघं एकदम म्हातारी दिसायची आणि हातपाय धुतले की पुन्हा वयावर यायची. यंदा तेवढा फरक पडला होता. नवरा धुतल्यावरही म्हाताराच दिसत होता.

लेंग्याची नाडी आता कमरेला दोनदा फिरत होती. पाण्याचा माठ दुपारच्या आत रिकामा होत होता. तो पुन्हा पुन्हा खाणीच्या काठावरच्या झोपडीमागे, भुकटीच्या ढिगाकडे लघवीला जात होता. आणि एके दिवशी तिला भुकटीवर लाल ठिपके दिसले. त्याने पायाने भुकटी सारली.

"काय ते?"

"हिरडीतून आलं."

"हिरडी छातीत असते का तुमची?"

"तू भाता ओढ."

तिने भाता ओढला. दोन दिवसांनी त्याने घण वर नेला आणि घण तिथेच राहिला. खाली आला तो नवरा. भुकटीत बसला, मग आडवा झाला. डोळे उघडे, ओठांच्या कडेला लाल. त्याला उचलताना तिला धक्काच बसला. एवढ्या वर्षांत तिने त्याच्या टाक्या उचलल्या होत्या, कपच्या उचलल्या होत्या. हा माणूस एका घमेल्याच्या वजनाचा झालाय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

धाकट्याचा टेम्पो आला. मागे सिमेंटच्या गोण्या होत्या, उतरवायला वेळ नव्हता. घराण्यातला पहिला रुग्ण अशा रीतीने सिमेंटवर झोपून दवाखान्यात गेला. वाटेत शुद्धीवर आला तेव्हा त्याने गोणी चाचपली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई बारीक अंगाच्या, झोप न झालेल्या, आणि गोष्ट एकदाच पण नीट सांगणाऱ्या होत्या. फोटो काढले, बेडका तपासला, रक्त तपासलं. बायकोचीही तपासणी केली. ती स्वच्छ निघाली. मग बाई खाटेजवळ उभ्या राहिल्या.

"काका, तुम्हाला टीबी आहे. औषधाने बरा होतो. शिवाय तुम्हाला साखर आहे, बरीच वाढलीय. आणि छातीत दगडाची धूळ बसलीय, ती वेगळी."

तो मान हलवत ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "बरं. पण यातलं नक्की कोणतं आहे?"

"तिन्ही."

"एका वेळी? बाई, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"शरीर म्यान नाही हो काका, धर्मशाळा आहे. कुणीही येऊन उतरतं. आणि हे दोघं तर एकमेकांच्या ओळखीचे. साखर वाढली की टीबी माजतो, टीबी माजला की साखर ऐकत नाही. एकाला धरून दुसऱ्याला सोडलंत तर दोघंही सुटतील. टीबीच्या गोळ्यांनी लघवी लालसर केशरी होईल, घाबरू नका. ते औषध आहे, रक्त नव्हे."

बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. "शिकलेली आहे, पण पोर आहे," तो बायकोला म्हणाला. "दगडाला शीर एकच असते."

त्या वॉर्डात नुसत्या टीबीला कुणी विचारत नसे. टीबी सगळ्यांनाच होता. त्यात कसलं आलंय कौतुक. वर आणखी काय आहे, त्यावर माणसाची किंमत ठरायची. खिडकीजवळची खाट ड्रायव्हरची. त्याला टीबी, साखर आणि दारूने गेलेलं लिव्हर, असे तीन होते. नवा माणूस आला की तो उशीला टेकून विचारायचा, "किती?" त्याच्या शेजारचे मास्तर दोनवर होते, साखर धरून, आणि रक्तदाबाचं अजून नक्की व्हायचं होतं म्हणून जरा नाराज असत.

"किती?" ड्रायव्हरने पाथरवटाला विचारलं.

"एकच," पाथरवट म्हणाला. "पण कोणता ते ठरायचंय."

"नुसता टीबी दिसतोय," ड्रायव्हर मास्तरांना म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

कोपऱ्यातल्या खाटेला मात्र कुणी "किती" असं विचारलं नव्हतं. तिथे एक शिंपी होता. त्याच्या दुसऱ्या आजाराचं नाव वॉर्ड घेत नसे. मोजदाद त्याच्या खाटेपाशी आली की घसा खाकरायची आणि पुढे जायची. तो दोन्ही आजारांच्या गोळ्या ठरल्या वेळी घ्यायचा, पेला विसळून उपडा घालायचा. पाथरवटाच्या बायकोचा पदर खाटेच्या खिळ्याला लागून फाटला, तेव्हा त्याने सुई काढली. तिने पदर पुढे केला. वॉर्ड बघत होता; बघू दे.

"दादा, एकाच माणसाला दोन आजार होतात का हो?" तिने हळूच विचारलं.

"वहिनी, कापड एका जागी फाटलं की दुसरीकडे फाटायचं थांबतं का?" तो दोरा दाताने तोडत म्हणाला. "उलट तिथेच ताण येतो."

टाके एवढे बारीक होते की नंतर तिलाही फाटलेली जागा सापडेना.

थोड्या दिवसांनी, ताप उतरल्यावर, गोळ्यांच्या दोन पिशव्या देऊन त्याला घरी सोडलं. बेडक्यातून आता पसरायचं भय कमी झालंय, पण गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, असं बाईंनी बजावलं. येताना तो टेम्पोत पुढे बसला.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेच्या ऑफिसात गेला. तिथे आजवर पाथरवट उंबऱ्यावर बसत आलेला. चेअरमनने विचारलं, "काय निघालं मग?" आणि याच्या तोंडून निघालं, "साखर."

चेअरमनने चष्मा काढला. "साखर? तुला?" चेअरमनला स्वतःला साखर होती, गेली कैक वर्षं, आणि गावात बोलायला बरोबरीचं कुणी नव्हतं. "अरे मग उभा का? बस, बस. खुर्ची घे. पाय सुजतात का? तहान? माझंही अगदी असंच!" बिनसाखरेचे दोन चहा आले. एक पाथरवटापुढे ठेवला गेला, कपात, बशीसकट.

त्या खुर्चीतून तो उठला तो वेगळाच माणूस होऊन. बायकोला म्हणाला, "साखर म्हणजे बैठ्या, खात्यापित्या माणसांचा आजार. आपल्या अख्ख्या घराण्यात पहिल्यांदाच आली." एखादी पदवी मिळाल्यासारखा तो हे सांगत होता. टीबीचा शब्द त्याने काढला नाही. काढला असता तर खुर्ची गेली असती, आणि कपही.

आणि पुन्हा खाण. पाऊस आता दोन बोटांवर आला होता. तो सावकाश टाकी चालवायचा, मध्येच बसायचा, पण डोणीचं पोट हळूहळू खोल होत होतं. सकाळी जेवणाआधी तो साखरेची गोळी तिच्यासमोर, चारचौघात, घोटभर पाण्याबरोबर घ्यायचा. दुसऱ्या पिशवीतल्या गोळ्या तो खिशात घालून न्यायचा. "खाणीत घेतो."

झोपडीमागच्या भुकटीच्या ढिगावर ती कपच्या ओतायला जायची. आधी त्या पांढऱ्या ढिगावर केशरी डाग असायचे, आणि डागांभोवती मुंग्या. साखरेच्या लघवीला मुंग्या लागतात हे तिला वॉर्डातच कळलं होतं. केशरीचं तर डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. दोन्ही बघून तिचं ती समजून घ्यायची: औषध जातंय, साखर अजून आहे.

मग एके दिवशी घमेलं रिकामं करताना ती थांबली. ढिगावर मुंग्यांची नुसती रांग लागली होती, पण ढीग पांढरा होता. दुसऱ्या दिवशीही पांढराच. दोन आठवडे वाट पाहिली तरी पांढराच, मुंग्या मात्र जास्त. ती घमेलं तसंच हातात धरून उभी राहिली. नवऱ्याच्या लघवीवर एवढा विचार करायची वेळ येईल असं लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

ती खाली आली. तो डोणीत गुडघ्यांवर बसून तळ सारखा करत होता. खोकला पुन्हा जड झाला होता; प्रत्येक चार घावांना तो एकदा थांबत होता.

"अहो, मागच्या ढिगाला मुंग्या लागल्यात."

"लागणारच. साखर आहे. खोटी आहे का?" तो अभिमानाने म्हणाला.

"पण रंग कुठे गेला?"

टाकी थांबली.

"दोन आठवडे ढीग पांढरा आहे," ती म्हणाली. "टीबीच्या गोळ्या कुठे टाकता?"

"टाकत नाही. सोडल्यात."

"का?"

"साखर निघाली ना? म्हणजे टीबी नव्हता. असला तर गेला. एका दगडात दोन शिरा नसतात, किती वेळा सांगू?"

"मग उशीला सकाळी लाल लागलेलं असतं ते काय? ती पण साखर?"

"हळू बोल. वरून लोक जातात."

"साखरेची गोळी रोज घेता, तरी मुंग्या वाढतायत. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. दोघंही सुटलेत."

"बाई पोर आहे."

रडावं तर तो आणखी ताठ होणार; ओरडावं तर टाकी उचलणार. पंचवीस वर्षं तिने त्याच्याबरोबर दगड फोडला होता. घाव कुठे घातला की उकलतो, हे तिलाही थोडंफार कळत होतं. तिने घमेलं उपडं केलं, त्यावर बसली आणि सहज बोलल्यासारखं बोलली.

"तुमचंही खरंच आहे म्हणा. सगळ्यांना कुठे झेपतं. त्या ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. त्याला तीन आहेत, तिन्ही पेलतोय."

"त्याचं काय मध्येच?"

"काही नाही. तोच म्हणत होता, तुम्ही टेम्पोकडे गेल्यावर. पाथरवट म्हणजे दिसायला दगड. दम नुसत्या टीबीचा आहे. दोन झेपायचे नाहीत."

"असं म्हणाला?"

"मी कशाला सांगू. सोडा."

ड्रायव्हर असं काही म्हणाला नव्हता. तो बिचारा निरोप देताना एवढंच म्हणाला होता की वहिनी, याला गोळ्या वेळेवर द्या.

मग डोणीतून आवाज आला, "ड्रायव्हरच्या जातीचा तो, बसून चाक फिरवणारा. त्याला तीन आणि मला दोन जड?" तो काठाला धरून उभा राहिला. "टेम्पो बोलव. आणि धाकट्याला सांग, गोण्या उतरवून ये. मी बसून जाणार."

डॉक्टरबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. एकदा शिरांबद्दल, एकदा म्यानाबद्दल. मग त्याला मन भरून झापलं. गोळ्या मध्येच सोडल्या तर टीबी गोळ्यांना ओळखायला लागतो, मग दाद देत नाही. पुन्हा तपासावं लागेल. तपासलं. नशिबाने अजून ओळखायला लागला नव्हता. औषध पुन्हा पहिल्यापासून. "आणि दगडाचं काम कोरडं करायचं नाही. दगड सतत ओला ठेवायचा, तोंडाला फडकं बांधायचं. ती धूळ गेलेली परत निघत नाही."

"ओल्या दगडावर टाकी घसरते, बाई."

"घसरू दे. तुम्ही घसरलात तर मला जास्त त्रास होतो."

तो परत आला आणि आधी थेट संस्थेच्या ऑफिसात गेला. खुर्चीत बसला. "चेअरमनसाहेब, मला नुसती साखर नाही," तो म्हणाला. "टीबी पण आहे. दोन्ही एका वेळी. आणि धूळ वेगळी. ती धरून तीन."

चेअरमनने आपली खुर्ची थोडी मागे ओढली. पण त्याला ऊठ म्हणाला नाही. साखरेच्या माणसाला असं एकदम उठवता येत नाही. चहा आला. यावेळी कपबशी वेगळ्या रंगाची होती, वेगळी काढून ठेवलेली. त्याने ती पाहिली, आणि चहा शेवटच्या थेंबापर्यंत, सावकाश, सगळ्यांच्या देखत प्यायला. दारात उभ्या असलेल्या बायकोची मान आपोआप वर झाली.

आता खाणीत तिचं काम बदललं. तिने तांब्या धरायचा आणि टाकीच्या पुढे पुढे पाणी सोडायचं. भुकटीचा चिखल होऊ लागला. दोघांच्या भुवया पहिल्यांदाच काळ्या राहिल्या. ढीग केशरी झाला होता आणि मुंग्या एकेक करत आपलं बिऱ्हाड हलवत होत्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, तळाला शेवटचा हात देताना, तिने पाणी सोडलं आणि दगड काळाभोर झाला. वाळला मात्र एकसारखा नाही. तळाच्या कोपऱ्यात एक ओली रेघ मागे राहिली, केसाएवढी. कोरड्या दगडात ती कधी दिसलीच नसती. त्याने फडकं तोंडावरून खाली ओढलं. बोट रेघेवरून इकडून तिकडे नेलं, पुन्हा नेलं.

"काय दिसतंय?" तिने विचारलं. तिला दिसलं होतं.

"काही नाही."

संध्याकाळी धाकटा साखळ्या आणि टेम्पो घेऊन डोणी बाहेर काढायला आला. त्यालाही ती रेघ दिसली. त्याने भावाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मग टेम्पोकडे गेला, मूठभर सिमेंट पाण्यात कालवलं, आणि पाठमोरा होऊन डोणीच्या कोपऱ्यात बोटाने भरू लागला. थोरला दुसरीकडे बघत उभा होता. घराण्यात एवढं मोठं मन आजवर कुणी दाखवलं नव्हतं, म्हणून त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

"गळायची नाही, दादा," धाकटा हात पुसत म्हणाला.

"एकसंध आहे," थोरला म्हणाला.

"एकसंधच आहे."

डोणी पावसाआधी संस्थेच्या दारात बसली. पहिल्या दिवशी म्हशींनी ती हुंगली, दुसऱ्या दिवशी तिच्यात तोंडं घातली, आणि चेअरमन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "एका दगडात कोरलीय. साखरेच्या माणसाने."

पावसाळा गेला, थंडी आली, तीही ओसरत आली. गोळी एकदाही चुकली नाही. लेंग्याची नाडी पुन्हा कमरेला एकच फेर घेऊ लागली. शेवटच्या तपासणीला दोघं बसने गेले. तो धुतलेल्या सदऱ्यात, ती बारीक टाके घातलेल्या त्याच पदरात. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडाकडे धरला.

"टीबी गेला, काका. साखर राहणार, गोळी आयुष्यभर. धूळही राहणार. तिला औषध नाही. आता तिच्यात भर घालू नका."

"म्हणजे दोन," तो म्हणाला. जरा हिरमुसला.

बायकोला दवाखान्याच्या भिंतीला हात लावून उभं राहावं लागलं. पणजेसासरा, आजेसासरा, सासरा: सगळे टाकी हातात धरून गेलेले. त्या घराण्यात आजारी पडून पुन्हा उभा राहिलेला हा पहिलाच माणूस, आणि त्याला तिने उभं केलं होतं. एक तांब्या, एक घमेलं आणि एक थाप यांच्या जोरावर. थाप मारल्याचं तिला आताही काही वाटत नव्हतं. उलट आणखी चार मारता आल्या असत्या असं वाटत होतं.

"चल," तो म्हणाला. "वॉर्डात जाऊन येऊ. त्या ड्रायव्हरला दाखवतो, कुणाला काय झेपतं ते."

त्याने दाराशी सदरा खाली ओढून सारखा केला, छाती काढली आणि आत गेला. कोपऱ्यातली शिंप्याची खाट रिकामी होती. तो कधीच घरी गेला होता आणि दुकान पुन्हा उघडलं होतं, असं सिस्टर म्हणाली. मास्तर पुन्हा भरती झालेले, झोपले होते. खिडकीजवळच्या खाटेवर, उशीला टेकून, दुसराच कुणीतरी बसला होता.

"ड्रायव्हर?" त्याने विचारलं.

"गेले ते," सिस्टर म्हणाली. "पावसाळ्यातच. लिव्हरने."

पाथरवट खाटेपाशी उभा राहिला. खिडकीतून दवाखान्याची पाण्याची टाकी दिसत होती, आणि तिच्याखाली वाळत घातलेल्या चादरी. मग त्याने नव्या माणसाला विचारलं, "किती?"

त्या माणसाला प्रश्न कळला नाही. सिस्टरनेच उत्तर दिलं.

त्याला नुसता टीबी होता.